पिवळ्या कापडाचा उंबरठा

सिंदखेडराजाजवळच्या दुसरबीडच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून खडकपूर्णेला मिळतो. ती पुढे पूर्णा म्हणून गोदावरीत शिरते आणि ते पाणी तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. वाटेत त्याला कुणी अडवत नाही, कागद मागत नाही. आता समजा, त्या पाण्यामागोमाग कुणी छोटी शिडाची नौका हाकली आणि परदेशाचा किनारा गाठला, तर? रस्त्यावर नाका असतो, विमानतळावर रांग असते. समुद्रात ना भिंत ना फाटक. मग माणूस दुसऱ्या देशात नेमका शिरतो कधी?

नकाशावर रेघा आहेत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, हा त्या देशाचा सागरी प्रदेश. 24 मैलांपर्यंतच्या पट्ट्यात कस्टमचे कायदे मोडणाऱ्याला अडवता येते. 200 मैलांपर्यंत मासळी आणि तळाची संपत्ती त्या देशाची. पण या रेघा ओलांडणे म्हणजे प्रवेश नव्हे! बंदराला न लागता, कुणाला उपद्रव न देता परकी नौका 12 मैलांच्या आतूनही निघून जाऊ शकते. प्रवेश घडतो तो बंदरात, आणि तोही पाहुण्याने स्वतः कडी वाजवल्यावर.

आपल्याकडच्या एका नौकेने तर सगळ्या पृथ्वीभोवती वळसा घातला आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली, एका नदीचेच नाव मिरवणारी 56 फुटी ‘म्हादेई’. तिच्यावर एकटे बसून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत थांबे चारच: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउन. नौदलाच्या नौकेसाठी सरकारे आपसांत बोलून परवानगी घेतात. खासगी नौकेला मात्र एकेक पायरी स्वतः चढावी लागते.

पहिली पायरी आपल्याच बंदरात. आपल्या 1962च्या सीमाशुल्क कायद्यानुसार परदेशी निघालेल्या जहाजाला कस्टम अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय बंदर सोडता येत नाही. नौकेची नोंदणी, माणसांची यादी, पासपोर्टावर निघाल्याचा शिक्का, आणि हाती पडतो बंदर सोडल्याचा दाखला. तो जपायचा, कारण पुढचे बंदर सगळ्यात आधी तोच मागते. जुन्या शाळेचा दाखला नसला तर नव्या शाळेत गुरुजी नाव घालत नाहीत, तसेच हे. बंदरामागून बंदर, दाखल्याला दाखला जोडत नौका जग फिरते.

दुसरी पायरी बंदर निवडण्याची. नारळीची सुंदर पुळण दिसली म्हणून तिथे नांगर टाकून पाय मोकळे करता येत नाहीत. सरकारने नेमून दिलेल्या बंदरालाच आधी लागावे लागते. शिवाय वर्दी आगाऊ द्यायची: ऑस्ट्रेलियाला किमान 12 तास आधी, न्यूझीलंडला किमान 48 तास. पण शिडाच्या नौकेची वेळ वाऱ्याच्या हाती. म्हणून शहाणा तांडेल चार दिवस हातचे धरतो, आणि रात्री पोचलाच तर अनोळखी बंदरात न घुसता बाहेरच शिडे आवरून उजाडायची वाट बघतो.

मग डोलकाठीच्या उजव्या बाजूला एक पिवळे निशाण चढते. जहाजांच्या सांकेतिक भाषेत ते ‘क्यू’ अक्षर. अर्थ असा: माझ्या नौकेवर सगळे निरोगी आहेत, मला आत येऊ द्या. एके काळी हाच पिवळा रंग नौकेवर रोग असल्याची खूण होता! 1377 साली रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक शहराने साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना 30 दिवस बाहेर ठेवायचा नियम केला. पुढे 30चे 40 झाले आणि ‘चाळीस’साठीच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाईन शब्द आला. 2020मध्ये आपल्या गावांतल्या शाळांच्या खोल्यांवर तोच शब्द लागला होता.

पिवळे निशाण वर असेपर्यंत बहुतेक देशांत तांडेलाखेरीज कुणी धक्क्यावर उतरायचे नाही. धक्का दहा हातांवर, नौकेचा दोर त्याला बांधलेला, तरी नौकेवरचा माणूस अजून त्या देशात आलेला नसतो.

अधिकारी येतात. एक पासपोर्ट पाहतो, एक तब्येत विचारतो, एक दारूच्या बाटल्या मोजून कपाटाला सील ठोकतो. कस्टमचे हे काम आपल्या किनाऱ्यालाही नवे नाही. दुसरबीडच्या शेजारच्या सिंदखेडराजात जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने 1671मध्ये पोर्तुगिजांच्या बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवायला लावली. कारण संगमेश्वरचे मीठ पडून राहिले असते.

पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सर्वांत बारीक नजर असते ती स्वयंपाकघरावर. ताजी फळे, अंडी, मध, आणि मोड येतील असे मूगसुद्धा! न्यूझीलंडमध्ये तर नौकेचा तळही पाहतात; शंखशिंपले, शेवाळ चिकटलेले चालत नाही. शहरातल्या माणसाला हा जाच वाटेल. बांधावरचे गाजर गवत उपटून हात खाजवलेल्याला वाटणार नाही. ते अमेरिकेकडचे. 1950च्या दशकात पुण्यात दिसले, आयात धान्याबरोबर आले असे मानतात, आणि आज आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. त्या बियांना कुणी बंदरात थांबवून विचारले नव्हते.

सगळे शिक्के झाले की पिवळे निशाण उतरते आणि त्या जागी यजमान देशाचा छोटा झेंडा चढतो. आता पाय जमिनीवर. पिवळे कापड मात्र घडी करून हाताशीच ठेवायचे. पुढच्या देशाच्या दारात उंबरठा आपल्यालाच न्यायचा असतो.