एक रिकामा रकाना आणि सहा लाख खातेदार

गिरावीन (सिडनी) : मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिनिधीच्या सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. हा सायबर हल्ला नव्हता. ‘गूगल क्लाउड’च्या निवेदनानुसार, यंत्रणा उभारताना एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे तिला एक वर्षाची मुदत आपोआप लागू झाली आणि मुदत संपताच ती पुसली गेली.

अनेक सर्व्हरांवर विखुरलेल्या साठवण व्यवस्थेत विदा जितकी मोलाची, तितकेच कॉन्फिगरेशनही. कोणता तुकडा कोणत्या यंत्रावर आहे, त्याच्या प्रती किती, यंत्र बंद पडल्यास काय करायचे, हे सारे त्यात नोंदलेले असते. प्रत्येक सर्व्हरने स्वतःची वेगळी प्रत बाळगली, तर दाते आणि टिळक पंचांगांसारखी गत होते: दोन्ही आपापल्या गणिताने बरोबर, पण काही वर्षी गणेश चतुर्थी मात्र जुळत नाही.

म्हणून ही नोंदवही तीन किंवा पाच सर्व्हरांच्या छोट्या गटाकडे सोपवतात. ‘एटसीडी’ आणि ‘झूकीपर’ ही अशा कामाची परिचित साधने. पाचांपैकी तिघांनी मान्यता दिल्याशिवाय बदल पक्का होत नाही. जाळे मधेच तुटले, तर दोघांच्या बाजूला नवा निर्णय घेता येत नाही. त्यामुळे दोन परस्परविरोधी सत्ये निर्माण होत नाहीत. ‘सेफ’ या साठवण प्रणालीत नकाशाच्या प्रत्येक आवृत्तीला चढता क्रमांक असतो. जुना नकाशा बाळगणारा सर्व्हर संपर्कात येताच त्याला नवा मिळतो.

तथापि बहुमत एकवाक्यतेची हमी देते, शहाणपणाची नव्हे. चुकीचे मूल्यही ते तितक्याच निष्ठेने सर्वत्र पोहोचवते. म्हणूनच बदल दुसऱ्या व्यक्तीने तपासावा, आधी मोजक्या यंत्रांवर लागू करावा, जुनी आवृत्ती परत आणता यावी आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ कधीही ‘पुसून टाका’ असा होऊ नये.

युनिसुपरने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि खाती पूर्ववत होण्यास त्यांची मदत झाली. आपली आयुष्यभराची बचत सांभाळणाऱ्या संस्थेला विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे: सर्व प्रती एकाच किल्लीने पुसता येतात का?