काष्ठमत्स्य आणि हस्तव्यवसाय

मत्स्याचे नेत्र कधी मिटत नाहीत. म्हणून चीन व जपान येथील बौद्ध मठांत तो अखंड जागृतीचे प्रतीक मानला गेला व काष्ठमत्स्य कोरण्याची कला तेथे रुजली. काष्ठमत्स्याचे मुख्य प्रकार दोन. लांबट मत्स्य टांगलेला असतो व मठातील वेळा कळविण्यासाठी वाजविला जातो. जपानात उजी येथे १६६१ साली स्थापन झालेल्या मान्पुकुजी मठात असा मत्स्य आहे. दुसरा प्रकार 'मोकुग्यो' हा गोलाकार व पोकळ असून सूत्रपठनाचा ताल त्यावर धरतात.

मोकुग्योसाठी कापराच्या झाडाचे लाकूड वापरतात. कारागीर अरुंद फटीतून लांब पटाशी घालून आतील लाकूड कोरून काढतो. पुढे ते दीर्घकाळ वाळू द्यावे लागते. घाई केल्यास ते तडकते. बाहेर खवले व शेपटी कोरतात आणि काही मत्स्यांवर रोगण देऊन सोन्याचा वर्ख चढवितात. एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे अर्धा चौरस मीटर वर्ख होतो, इतका तो पातळ असतो. वर्खाने शोभा येते. नाद मात्र आतील पोकळीतून उमटतो.

हस्तव्यवसायाच्या तासास शिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे. वस्तूच्या रंगावर गुण देण्यापूर्वी तिचा सांधा व न दिसणारी बाजू तपासावी. काम कच्चे असल्यास ते विद्यार्थ्याकडून ममतेने पुन्हा करवून घ्यावे. अन्यथा दोष रंगाखाली झाकण्याचीच सवय त्यास जडेल.