कँडीजचा निरोप

जुलै १९७७. टोकियोच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर कार्यक्रम रंगात आला होता आणि 'कँडीज' या गायिकांच्या गटातल्या तिघी, रान, सू आणि मिकी, अचानक रडू लागल्या. आम्हाला पुन्हा साध्या मुली व्हायचंय, असं सांगत त्यांनी श्रोत्यांसमोर गट थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९७३ पासून गाणाऱ्या, टीव्हीवर सतत दिसणाऱ्या या तिघींची लोकप्रियता तेव्हा ऐन भरात होती.

चाहत्यांना धक्का बसला, पण ते हातावर हात धरून बसले नाहीत. कँडीजचं एकही गाणं तोवर ओरिकॉन या जपानी विक्रीयादीत अव्वल आलं नव्हतं. आता निरोपाच्या गाण्याला तो मान मिळवून द्यायचाच, असा त्यांनी चंग बांधला.

ते गाणं, 'होहोएमी गाएशी', फेब्रुवारी १९७८ मध्ये आलं. गीतकार योको आकी यांनी कमालच केली. घर बदलणाऱ्या जोडप्याची वसंतातली आवराआवर सांगता सांगता त्यांनी कँडीजच्या जुन्या गाण्यांची नावं ओळींत गुंफली. सामान बांधताना जुन्या वस्तू हाती लागाव्यात, तशी ती ऐकणाऱ्याला भेटतात. निरोपाचं असूनही गाणं रडकं नाही, आणि हेच त्याचं खरं बळ.

गाणं पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ४ एप्रिल १९७८ रोजी कोराकुएन बेसबॉल मैदानात सुमारे ५५ हजार लोकांसमोर शेवटचा कार्यक्रम झाला.

पुढे सू, म्हणजे योशिको तानाका, 'ब्लॅक रेन' या दिग्दर्शक इमामुरांच्या १९८९ च्या चित्रपटात झळकली. रान इतोही अभिनयाकडे वळली आणि २०१९ मध्ये एकल गायिका म्हणून परतली.