पाचारण : मराठी मातीतल्या काही ख्रिस्ती आयुष्यांचा आढावा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मंडळीत मुलांसाठी खास प्रार्थना होते. यंदा उपासना संपल्यावर बारावी झालेल्या एका मुलीने मला दारातच गाठलं. ‘‘मावशी, पाळक म्हणतात देवाने प्रत्येकाला काहीतरी कामासाठी बोलावलंय. मग मला कशासाठी बोलावलंय, हे कळणार कसं?’’ विचार करून सांगते, म्हणाले. हा लेख म्हणजे तो विचार.

आमच्या मराठी बायबलमध्ये आणि प्रार्थनांमध्ये यासाठी एक सुंदर शब्द आहे : पाचारण. पाचारण म्हणजे हाक मारून बोलावणं. गालीलच्या समुद्राकाठी येशूने मासे धरणाऱ्यांना हाक मारली, तेव्हा त्यांच्या हातात जाळी होती. पुढे काय करायचं याची यादी काही त्याने दिली नव्हती. ‘माझ्यामागे या’ एवढंच. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती माणसांची चरित्रं वाचत गेले तसं दिसलं, की त्यांच्याही बाबतीत बहुतेक असंच झालं. हाक आधी आली, काम मागाहून दिसलं आणि तेही दाराशी येऊन उभं राहिलेल्या माणसांच्या रूपाने.

भाषेत सापडलेलं काम

सुरुवात गोव्यापासून करावी लागेल. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याच्या किनाऱ्याला लागला आणि पुढची सुमारे ४० वर्षं तिथेच, मुख्यतः साष्टी भागात राहिला. त्याचा ‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोलला छापला गेला. त्याच्या आरंभीच एक प्रसंग येतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं काही का देत नाही? ती तक्रार रास्त होती. ज्या पोर्तुगीज राजवटीने लोकांचे ग्रंथ हिरावले, तिच्याच छायेत स्टीफन्स काम करत होता, हे विसरून चालणार नाही. पण तक्रार ऐकून तो गप्प बसला नाही. परक्या भाषेत जन्मलेल्या या माणसाने सुमारे ११ हजार ओव्या मराठीत रचल्या. त्या रोमी लिपीत छापल्या होत्या, पण घाट सगळा आपल्या पुराणांचा. १६१९ मध्ये तो इथेच वारला.

बेळगावला १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. अवघ्या तीन वर्षांत त्यांचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. तिचा विषय मात्र धर्मशास्त्राचा वाद हा नव्हे, हिंदू विधवांचे हाल हा आहे. नव्या श्रद्धेने बाबांची नजर स्वतःच्या समाजाकडून वळवली नाही. घरोघरी जे झाकून ठेवलं जात होतं, तिकडे ती नेली.

रमाबाईंची दोन वळणं

या आढाव्यात सर्वांत जास्त वेळ थांबावं असं आयुष्य पंडिता रमाबाईंचं. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना जनांचा रोष पत्करावा लागला. तीर्थयात्रेत, उपासमारीत आईवडील गेले, मग थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ हजारो मैल पायी हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. पदरात तान्ही मनोरमा. तेव्हा त्या अवघ्या २३ वर्षांच्या होत्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम इथे सिस्टरांनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बाया तिथे मायेने सांभाळल्या जात होत्या. हे कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. सिस्टरने त्यांना विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांनी मान तुकवली ती ख्रिस्तापुढे, मडमांपुढे नव्हे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतमध्ये नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही, सिद्धांतांवर वाद घालणंही सोडलं नाही. इतकंच काय, ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. आजच्या घाईच्या मुलामुलींनी हे जरूर वाचावं. पाचारणाला वेळ लागतो.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. तीच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाली, आणि ती हिंदूच राहिली. सदन पुण्याला हलल्यावर धर्मांतराच्या संशयाने ‘केसरी’तून टीका झाली, काही पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

मग १८९६ चा दुष्काळ आला. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला शेतजमिनीवर ‘मुक्ती’ ही वसाहत उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गाईगुरं, विणकाम, अंधांसाठी शाळा, छापखाना. टाइप जुळवणाऱ्याही बायकाच.

त्याच छापखान्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून अख्खं बायबल मराठीत आणलं. जिच्या जिभेवर हजारो संस्कृत श्लोक होते, तिने जाणूनबुजून खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी निवडली. माझ्या मते पाचारणाची याहून मोठी खूण नाही : आपल्यापाशी जे सर्वांत भारी आहे ते खाली ठेवून समोरच्याच्या भाषेत बोलणं.

घर मोडून पुन्हा उभं राहतं तेव्हा

कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन माहेरच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपलं सोवळंओवळं सांभाळूनच. मग जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या मागून आल्या तरी त्या आल्या स्वतःच्या पायांनी. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र त्याचं लेखी प्रमाण आहे.

टिळक म्हणत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून आमच्या उपासनेत अभंग आला, कीर्तन आलं. आजही रविवारी पेटी-तबल्यावर आम्ही त्यांचीच पदं गातो. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं काव्य अपुरं होतं. लग्नानंतर अक्षरओळख पक्की केलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

काहींचं पाचारण शब्दांपलीकडच्या कामाचं होतं. मिरजेच्या विल्यम वॉन्लेस यांचं नाव दक्षिण महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. कॅनडात जन्मलेला हा डॉक्टर १८८९ मध्ये आला आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झालं. मिरजेला वैद्यकीची जी ओळख आहे तिचा पाया इथे आहे. आणि अगदी आपल्या काळातले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करताकरता ते ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्यात उतरले. जमीन आणि पाणी राखणं हाही त्यांच्या लेखी धर्मच होता. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

त्या मुलीला

पोरी, यातल्या कुणालाही आयुष्याचा नकाशा आधी मिळाला नव्हता. स्टीफन्सपुढे एक तक्रार आली, रमाबाईंपुढे उपाशी मुली आल्या, टिळकांपुढे परक्या चालीत अडखळणारी मंडळी. प्रार्थना सगळ्यांनीच केली, पण डोळे उघडल्यावर समोर जो होता त्याला त्यांनी टाळलं नाही. तूही प्रार्थना कर, अभ्यास कर, घाई करू नकोस. आणि तुझ्या दारात कोण उभं आहे ते पाहा.

जमलं तर एकदा केडगावला जाऊन ये. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, त्यांचं बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं, आणि मुक्तीचं दार अजून उघडं आहे.