काच कुठली? आन जियायाओंना विचारा

चीनमधल्या थडग्यात काचेचा वाडगा सापडला, तर तो तिथलाच की व्यापारी तांड्यांबरोबर आलेला? १९४७मध्ये जन्मलेल्या पुरातत्त्वज्ञ आन जियायाओ यांचं नाव या प्रश्नाशी जोडलं गेलं. चीनमधल्या प्राचीन काचपात्रांवरचा त्यांचा १९८४चा दीर्घ लेख आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. जुन्या चिनी काचेत शिसं आणि बेरियम सापडतं, तर रोमन आणि सासानी काच सोडा-चुन्याची. पण नुसत्या रसायनावर भागत नाही, घाटही पाहावा लागतो. निंगश्यातल्या ली शियान (मृत्यू इ.स. ५६९) या सेनापतीच्या थडग्यातल्या वाडग्यावर कोरून काढलेल्या उठावदार गोल चकत्यांच्या दोन ओळी आहेत, ती इराणच्या सासानी कारागिरांची खूण.

१९८७मध्ये चीनमधल्या फामन या बौद्ध मंदिराचं तळघर उघडलं, तेव्हा सुमारे २० काचपात्रं निघाली, त्यांतली बरीचशी इस्लामी जगातली. तळघर ८७४मध्ये बंद झालं होतं, म्हणजे भांडी त्याआधीची. इतका पक्का पुरावा काचेच्या बाबतीत क्वचितच हाती लागतो!

आणि हे सारं सांभाळून बाईंनी तांग राजधानी चांगआनच्या उत्खनन पथकाचं नेतृत्व केलं. दामिंग राजवाड्यातल्या हानयुआन सभागृहाचं १९९०च्या दशकातलं उत्खननही त्यांचंच.