साखर नाही, मग गोड कशानं?

१९७६ साल. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवण्याचं काम करत होते. तयार झालेला एक पदार्थ तपासून पाहा, असा निरोप त्यांना मिळाला. त्यांना मात्र चाखून पाहा, असं ऐकू आलं. तपासणं आणि चाखणं या अर्थांचे ते दोन्ही इंग्रजी शब्द देवनागरीत ‘टेस्ट’ असेच लिहिले जातात, त्यामुळे ही गफलत कशी झाली हे मराठी वाचकाला सांगत बसायला नको. फडणिसांनी ती पूड जिभेवर ठेवली आणि ती कमालीची गोड निघाली. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेलं सुक्रलोज सापडलं ते असं.

कृत्रिम गोडीचा सगळा इतिहासच अशा चुकून लागलेल्या चवींचा आहे. १८७९मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टन्टिन फाल्बर्ग दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होते. एका रात्री जेवताना पाव गोड लागला, तेव्हा हातांना काहीतरी चिकटून राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते सॅकरिन होतं. १९६५मध्ये जठराच्या व्रणावरचं औषध शोधणाऱ्या जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावलं आणि अस्पार्टेम हाती आलं. यांतलं एकही मधुमेहींसाठी म्हणून शोधलेलं नव्हतं. सॅकरिनचा खप वाढला तो पहिल्या महायुद्धात, साखरेची टंचाई झाली तेव्हा.

भीतीचा इतिहासही तितकाच जुना आहे. सॅकरिन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या म्हणून १९७७मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्यावर बंदी प्रस्तावित केली. लोकांनी विरोध केला. अखेर बंदीऐवजी वेष्टनावर कर्करोगाचा इशारा छापायचं ठरलं. पुढे उलगडा झाला, की या उंदरांच्या, विशेषतः नरांच्या, लघवीची रासायनिक घडण वेगळी असते. प्रचंड मात्रेत सॅकरिन गेलं की तिच्यात खडे धरतात आणि त्यांनी मूत्राशयाचं अस्तर सोलवटतं. माणसाच्या शरीरात तसं घडत नाही. २०००मध्ये तो इशारा काढून टाकला गेला. तेवीस वर्षं लोक एका उंदराच्या दुखण्याला घाबरून राहिले. म्हणून अशी कोणतीही बातमी वाचताना ‘किती मात्रेत?’ आणि ‘कोणाच्या शरीरात?’ हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

जुलै २०२३मध्ये ते पुन्हा विचारायची वेळ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि जगभर मथळे झळकले. त्याच दिवशी संघटनेच्याच तज्ज्ञ समितीनं रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच कायम ठेवली. ही बातमी मात्र फार कमी लोकांपर्यंत पोचली. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अस्पार्टेम धरलं, तर ७० किलो वजनाच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला दिवसात ९ ते १४ कॅनहून जास्त प्यावे लागतील. पहिल्या संस्थेचं काम धोका असू शकतो का हे पाहण्याचं, दुसरीचं काम तो किती मात्रेत हे ठरवण्याचं. फिनाइलकीटोनयुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र अस्पार्टेम खरोखरच वर्ज्य आहे.

अधिक महत्त्वाची गोष्ट त्याआधी दोन महिने, मे २०२३मध्ये घडली होती. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडीवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. दीर्घकाळात वजन घटल्याचा पुरावा मिळत नव्हता. उलट अशी गोडी नेहमी घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार अधिक दिसत होते. यातली एक मेख संघटनेनंही मान्य केली आहे: ज्यांचं वजन आधीच वाढलेलं असतं, तेच या गोळ्यांकडे वळतात. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? शिवाय आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. घरातल्या आजोबांची चहातली गोळी या बातमीच्या भरवशावर बंद करून पुन्हा साखर सुरू करणं हा उलटा कारभार होईल.

मग माणूस ‘नैसर्गिक’कडे वळतो. खरी गल्लत सुरू होते ती इथेच.

स्टीव्हिया ही मूळची पॅराग्वेच्या परिसरातली वनस्पती. ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिची पानं वापरत आले. त्या पानांतून शुद्ध करून काढलेली संयुगं साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. भारतातही त्यांना परवानगी आहे. पण इतक्या गोड पदार्थाची चिमूटही जास्त होते, म्हणून पुडीत भर घालावी लागते आणि ती भर बऱ्याचदा एरिथ्रिटॉलची असते. हा पदार्थ फळांतही थोडा आढळतो. बाजारातला मात्र आंबवून कारखान्यात तयार करतात. २०२३मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल असलेलं पेय निरोगी माणसांना दिलं, तेव्हा रक्तातलं त्याचं प्रमाण दोन दिवसांहून अधिक काळ चढं राहिलं. जास्त प्रमाणात ते असलं की रक्ताच्या गुठळ्या लवकर होतात, असंही त्यांच्या प्रयोगांत दिसलं. हा शेवटचा शब्द नव्हे. पण पुडीवर हिरवं पान छापलं म्हणून आतला सगळा माल पानाचा होत नाही.

आणि गूळ? कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर थंडीत उभं राहिलेल्या माणसाला गुळाविरुद्ध शब्द काढणं जड जातं. चुलवाणावर चढलेली काहील, मळी वर आणण्यासाठी घातलेला भेंडीच्या झाडाचा चिकट रस, पाक उतरवायची नेमकी वेळ ओळखणारा गुळव्या आणि ताज्या ढेपेचा तो वास. गुळात थोडं लोह असतं, खनिजं असतात, हे खरं. पण त्याचा फार मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असते. शंभर ग्रॅम साखरेत ४००च्या आसपास कॅलरी असतात, गुळात त्याहून थोड्याच कमी. रक्तातली साखर तो जवळपास तशीच चढवतो. ‘साखर सोडली, आता गुळाचा चहा पितो’ असं समाधानानं सांगणारा मधुमेही रोगाला नव्या नावानं घरात घेत असतो. अस्पार्टेमच्या एका गोळीपेक्षा हा गैरसमज जास्त नुकसान करतो. ज्याला मधुमेह नाही त्यानं गूळ जरूर खावा, चवीसाठी खावा. घेताना पिवळाधमक चकचकीत गूळ टाळावा, कारण तो रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडर या रसायनानं आणलेला असतो. तपकिरी, काळपट ढेप बरी.

मधाची कथा वेगळी नाही. तोही मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच. त्यात डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचे मध तपासले, तेव्हा सगळ्या कसोट्यांना उतरले फक्त तीन. महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या मधाच्या गावातून ओळखीनं मध आणणारे भाग्यवानच. पण एक वर्षाखालच्या बाळाला तोही चाटवू नये.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणूनच दिवाळीत मिठाईच्या दुकानात ‘शुगर फ्री’चा वेगळा काउंटर दिसतो. तिथल्या काजूकतलीत साखर नसेल, पण काजू आहेत, तूप आहे, कॅलरी आहेत. खजूर-अंजिराच्या वडीत वरून साखर घातलेली नसते, तरी सुक्या खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत: ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५५ सुक्रलोज, ९६० स्टीव्हिया, ९६८ एरिथ्रिटॉल. ९६५ दिसला तर तो माल्टिटॉल. त्याच्या चार-पाच वड्या एका बैठकीत खाल्ल्या की पोट बिघडू शकतं. घरी करायचं म्हटलं, तर सुक्रलोजचा एकतारी पाक होत नाही. बेसनलाडवाला वजन आणि बांधणी देण्याचं काम पिठीसाखर करते, चिमूटभर पूड ते करू शकत नाही.

मराठी घरातली रोजची साखर मात्र लाडवापेक्षा चहातून जास्त जाते. दिवसाचे चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम. आदर्श मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची आहे आणि तिच्यात मधही मोजायचा असतो. चेन्नईत टाइप २ मधुमेहींवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटानं चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रलोज घेतलं, दुसऱ्यानं साखरच चालू ठेवली. तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली, सुक्रलोज घेणाऱ्यांचं वजन किंचित उतरलं. गोळीनं घात केला नाही, चमत्कारही केला नाही.

तिसरी वाट फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसते. काही जणांना आहारातली साखर बरीच कमी करायला सांगितलं. तिची जागा कृत्रिम गोडीला दिली नाही. पहिला महिना काही फरक पडला नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र त्यांना तेच पुडिंग इतरांपेक्षा जास्त गोड लागू लागलं. नंतर मनाप्रमाणे खायची मोकळीक मिळाली आणि महिनाभरात जीभ पूर्वपदावर आली. तुळशीच्या लग्नानंतर कोणी चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमच्यानं उतरवायला घेतली, तर संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत एक चमचा कमी झालेला असेल.