एक्झॉस्ट झडप नियंत्रक

एक्झॉस्ट झडप नियंत्रक हे स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरमधील झडप चालकाच्या इच्छेनुसार उघडी किंवा बंद ठेवणारे विद्युत उपकरण होय. मूळ गाडीत ही झडप इंजिनाच्या संगणकाच्या आज्ञेनुसार चालते. गाडी विकत घेतल्यानंतर बाहेरून बसवलेला नियंत्रक ही आज्ञा मध्येच अडवतो आणि निर्णय चालकाच्या हाती देतो. उपकरण लहान व स्वस्त असले तरी त्याचा संबंध गाडीच्या ध्वनिमान्यतेशी येतो.

पार्श्वभूमी

सायलेन्सरची रचना ही नेहमीच तडजोड असते. वायूंचा मार्ग वळणावळणाचा केला की आवाज घटतो, पण वायू बाहेर पडण्यास विरोध वाढून शक्ती थोडी कमी होते. मार्ग सरळ ठेवल्यास याच्या उलट घडते. झडपेमुळे एकाच सायलेन्सरमध्ये दोन मार्ग ठेवता येतात. झडप बंद असताना वायू ध्वनिशोषक कप्प्यांतून जातात आणि उघडी असताना जवळजवळ थेट बाहेर पडतात.

शेव्हरोले कॉर्व्हेट हे याचे परिचित उदाहरण आहे. २००६ च्या झी०६ प्रकारात अशा झडपा आल्या. २००८ पासून साध्या कॉर्व्हेटसाठीही त्या जादा किमतीत मिळू लागल्या. त्या गाडीच्या ६.२ लिटर इंजिनाची घोषित शक्ती ४३० अश्वशक्ती होती, झडपांसह ती ४३६ झाली. सहा अश्वशक्तींचा हा फरक रस्त्यावर जाणवण्याजोगा नाही. ग्राहक पैसे मोजत होते ते मुख्यतः आवाजासाठी.

कार्यपद्धती

या कॉर्व्हेटमधील झडप निर्वात दाबावर चालते. इंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीतील निर्वात एका लहान टाकीत साठवला जातो. संगणकाने विजेची आज्ञा देताच सोलेनॉइड हा निर्वात झडपेजवळच्या पडद्यापर्यंत पोहोचू देतो आणि पडदा खेचला जाऊन झडप मिटते. वीज किंवा निर्वात नसेल तर स्प्रिंग झडप उघडी ठेवते. बिघाड झाला तरी इंजिनाचा श्वास कोंडू नये, असा यामागचा विचार आहे.

याच गुणामुळे हौशी मालकांना पहिला उपाय फुकटात सापडला. संबंधित फ्यूज काढला की झडप कायमची उघडी राहते. मात्र मग पहाटे गाडी सुरू करतानाही आवाज पूर्ण होतो आणि तो कमी करायचा तर फ्यूज पुन्हा बसवावा लागतो. बाजारातील साधा नियंत्रक म्हणजे या फ्यूजच्या जागी बसणारा, दूरनियंत्रकाने चालणारा रिले होय. काही जण निर्वात नळीच काढून तिचे तोंड बंद करतात, त्यासाठी गोल्फच्या टीचाही वापर होतो. हे तोंड उघडे राहिल्यास मोजमाप न झालेली हवा इंजिनात शिरते, इंधनमिश्रण बिघडते आणि इंजिनाचा इशारादिवा लागू शकतो.

पुढच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये निर्वाताऐवजी विद्युत मोटरी आल्या. मोटरीने चालणाऱ्या झडपांच्या बाबतीत केवळ वीज तोडणे अनेकदा पुरत नाही, कारण झडप सांगितलेल्या स्थितीत आहे की नाही हे संगणक तपासतो. त्यामुळे अशा गाड्यांसाठीचा नियंत्रक मूळ जोडणी व मोटर यांच्या मध्ये बसतो आणि संगणकाला अपेक्षित प्रतिसाद परत पाठवतो. चांगल्या नियंत्रकात मूळ आज्ञा जशीच्या तशी पुढे जाऊ देणारी तिसरी स्थितीही असते.

जोडणी

फ्यूजपेटीत बसणारा नियंत्रक काही मिनिटांत जोडता येतो. सायलेन्सरजवळ काम असल्यास गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर उचलावी लागते, एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्यावा लागतो आणि बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी लागते. बहुतेक बिघाड तारांच्या मार्गामुळे होतात. तप्त नळीजवळून नेलेल्या तारेचे आवरण वितळते, आणि पत्र्याच्या भोकातून रबरी कडीशिवाय ओढलेली तार घासून उघडी पडते. मूळ तार कापून जोडण्यापेक्षा दोन्ही बाजूंना तयार कनेक्टर असलेली तारजोडणी श्रेयस्कर असते, कारण तपासणीच्या वेळी गाडी पूर्ववत करता येते.

झडप सतत एकाच स्थितीत ठेवल्यास काजळी व बाष्पामुळे तिचा आस जाम होऊ शकतो. कमी भार असताना काही सिलिंडर बंद करणाऱ्या इंजिनांत झडप बळेच उघडी ठेवली, तर महामार्गावर कंटाळवाणी घुमघुम ऐकू येते. ती झाकण्यासाठीच संगणक अशा वेळी झडप मिटत असतो.

कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या नियम ५१ नुसार आवाज मोजताना ध्वनिग्राहक गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर ठेवतात. पूर्वी चाचणीच्या ठराविक वेगात झडप बंद आणि एरवी उघडी, अशी आखणी करण्यास वाव होता. म्हणून २०१६ पासूनच्या सुधारित नियमात इतर वेगांतील आवाजाच्या तपासणीची तरतूद अधिक कडक झाली. युरोपीय संघाने त्याच वर्षापासून सामान्य मोटारींसाठी ७२ डेसिबल ही मर्यादा लावून ती टप्प्याटप्प्याने ६८ पर्यंत आणण्याचे ठरवले. नियंत्रक बसवल्यावर गाडी मान्यता मिळालेल्या स्थितीत राहत नाही. कॅलिफोर्नियात हलक्या गाड्यांच्या एक्झॉस्टसाठी ९५ डेसिबलची मर्यादा आहे, मात्र ती वेगळ्या पद्धतीने मोजली जात असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

भारतात मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालते. ध्वनिमानकांच्या उल्लंघनासाठी कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

मालकांची मागणी पाहून उत्पादकांनीही ही सोय गाडीतच दिली. २०१८ च्या फोर्ड मस्टँगमध्ये ठरावीक वेळेत इंजिन आपोआप शांतपणे सुरू करणारी ‘गुड नेबर मोड’ ही व्यवस्था आली. कंपनीच्या एका अभियंत्याच्या गाडीच्या आवाजाला कंटाळून शेजाऱ्याने पोलिसांना बोलावले, त्यातून ही कल्पना निघाली असे फोर्डने सांगितले होते.